माहुलीचा वेढा फसला असता तर?

मागच्या पावसाळ्यात गावी, वडिवळ्याला, आलो होतो. मित्रांबरोबर लोहगडावर गेलो. गप्पांमध्ये विषय निघाला, की शिवकाळापूर्वी हा किल्ला निजामशाहीत होता. एक जण हसत मला म्हणाला, "म्हणजे तुमचाच की!" चेष्टाच होती. पण गड उतरताना तो 'तुमचा' पायरीपायरीवर आठवत राहिला.

ही निजामशाही शेवटी वाचवायला कोण धावलं? १६३३ मध्ये दौलताबाद मुघलांनी घेतला आणि बालवयाचा हुसेन निजामशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. गादी रिकामी झाली. तेव्हा त्याच घराण्यातलं दुसरं मूल, मुर्तजा, हुडकून त्याला संगमनेरजवळच्या पेमगिरीवर निजामशहा म्हणून बसवलं ते शहाजीराजे भोसल्यांनी. सुमारे तीन वर्षं त्यांनी त्याच्या नावाने राज्य चालवलं. त्याआधी मलिक अंबरने हेच केलं होतं. आधी कारभारी हबशी, नंतर मराठा, गादी तीच.

ती मोडायला १६३६ मध्ये एकत्र आले ते शाहजहान आणि आदिलशहा. शहाजीराजे शहापूरजवळच्या माहुली किल्ल्यात अडकले. त्यांना शरण जावं लागलं, मूल मुघलांच्या हवाली करावं लागलं. मुलूख दोघांनी वाटून घेतला.

आम्ही प्रोग्रामर लोक एक अट बदलून तोच कोड पुन्हा चालवून बघतो. समजा, माहुली तगला. शहाजीराजे दुसरे मलिक अंबर झाले असते. १६३० साली जन्मलेले शिवाजीराजे निजामशाहीच्या सर्वेसर्वा कारभाऱ्याचे चिरंजीव म्हणून वाढले असते. मग त्यांना स्वतःचं राज्य उभारायची गरज वाटली असती का? कदाचित नाही. म्हणजे माहुली वाचवायला गेलो, तर १६७४ चा राज्याभिषेक हातचा जाऊ शकतो. असा सौदा मला नको. वडिलांना राज्य राखायला दुसऱ्याचं मूल गादीवर बसवावं लागलं; मुलाने स्वतःच्या नावाने छत्र धरलं. मावळात वाढलेल्या कुणालाही या फरकाचा अभिमान वाटावा, मलाही वाटतो.

पण हा खेळ खेळताना एक गोष्ट लक्षात येते. कुठलीही अट बदला, 'हिंदू विरुद्ध मुसलमान' असे दोन संघ काही तयार होत नाहीत. त्या काळी लोकांना धर्म नव्हता असं नाही. पण पेमगिरीवर आणि माहुलीत कोण कुणाच्या बाजूने उभा राहील, हे त्यावरून ठरलं नाही. आज मात्र आपण आडनाव ऐकून माणसाला चारशे वर्षांपूर्वीची बाजू वाटून देतो.

त्या मित्राला मी तेव्हा काही बोललो नाही. पुढच्या वेळी बोलेन. म्हणेन, "तुमचा नाही रे, आपला. विश्वास नसेल तर शहाजीराजांचा इतिहास वाच."