शोभेच्या खुर्च्या आणि बसणारीं माणसें

घरांत कोणाची पंचाहत्तरी असो कीं मुलांच्या परीक्षेचा निकाल असो, हल्लीं सहकुटुंब उपाहारगृहांत जाण्याचा बेत ठरतो. स्वयंपाकघराला एक वेळ सुटी मिळते, ही गोष्ट गृहिणींच्या दृष्टीनें लहान नव्हे. परंतु कोठें जावयाचें हें ठरवितांना पदार्थांची यादी आपण जितक्या बारकाईनें पाहतों, तितकी तेथील बैठक पाहत नाहीं. आणि घरांतील वडील मंडळी सुखानें जेवलीं कीं नाहीं, हें पुष्कळदां त्या बैठकीवरच ठरतें.

मुंबईच्या इराण्याचें दुकान डोळ्यांपुढें आणावें. धोबीतलावाजवळचें कयानी १९०४ सालचें, बॅलार्ड इस्टेटींतील ब्रिटानिया १९२३ सालचें. असल्या दुकानांतील प्रत्येक वस्तु आपलें काम करीत असते. टेबलावरचा संगमरवर ओल्या फडक्याच्या एका हातासरशी स्वच्छ होतो. भिंतीवरील आरशांमुळें अरुंद जागा ऐसपैस दिसते, शिवाय गल्ल्यावर बसलेल्या मालकाला पाठीमागचा कोपराहि दिसतो. दुकान बहुधा रस्त्याच्या नाक्यावर. म्हणून दोन बाजूंनीं उजेड आणि वारा. कित्येक ठिकाणीं बायकामुलांकरितां निराळी ‘फॅमिली रूम’ असे. आज त्या नांवाचें हसूं येईल; पण स्त्रियांनीं बाहेर चहा पिणें हाच जेव्हां चर्चेचा विषय होता, तेव्हां त्या लांकडी आडोशानें कित्येकींची सोय केली.

आणि ती काळसर, वांकविलेल्या लांकडाची खुर्ची! तिचें मूळ घराणें व्हिएन्नाचें. मिखाएल टोनेट यानें बीच झाडाचे दांडे वाफेनें मऊ करून सांच्यांत वांकविले, आणि १८५९ सालीं आपली चौदा क्रमांकाची खुर्ची बाजारांत आणली. सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केल्या म्हणजे ३६ खुर्च्या एका घनमीटरच्या पेटींत मावत. हलकी, स्वस्त आणि टिकाऊ अशी ही खुर्ची कॉफीगृहांनीं उचलली यांत नवल नाहीं.

त्याच व्हिएन्नांतील ‘काफे म्युझियम’ची हकीकत मोठी बोलकी आहे. आडॉल्फ लोस या वास्तुशिल्पज्ञानें १८९९ सालीं तें इतकें निरलंकार सजविलें कीं, लोक त्याला थट्टेनें ‘काफे निहिलिझमुस’ म्हणूं लागले. पुढें १९३० नंतरच्या दशकांत योसेफ त्सोट्टी यानें तेथें गादीच्या बैठका आणल्या. २००३ सालीं लोसची मूळ रचना मोठ्या निष्ठेनें पुन्हां उभारण्यांत आली. पण २०१० सालीं काफे पुन्हां उघडलें तें त्सोट्टीच्या धर्तीच्या गाद्या घेऊनच. लोसची थोरवी मला मान्य आहे. तरी तासभर बसावयाचें झाल्यास मीहि गादीच पसंत करीन.

आपल्याकडील नव्या उपाहारगृहांत उघड्या विटा, सिमेंटच्या भिंती, लोंबते दिवे आणि पाठ नसलेलीं उंच स्टुलें यांची चलती आहे. छायाचित्रांत तें सुरेख दिसतें. पण कठीण भिंती आवाज गिळीत नाहींत, परत फेंकतात. गलबल्यांत माणूस नकळत मोठ्यानें बोलतो, हें एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्यानें १९११ सालींच दाखविलें. एक टेबल चढ्या आवाजांत बोलूं लागलें कीं शेजारचें त्याच्यावर चढतें. त्यांत वाजतें संगीत. इराण्याच्या भिंती तरी कोठें मऊ होत्या? खरें आहे, पण छत उंच आणि दारें उघडीं असल्यानें बराचसा गोंगाट रस्त्यावर निघून जाई. बंद, थंड केलेल्या खोलींत तो जाणार कोठें?

उतारवयांत ‘स’, ‘श’, ‘फ’ अशीं व्यंजनें अगोदर निसटतात आणि गोंगाटांत तर वाक्याचा अर्थच हरवतो. मग ज्यांच्या पंचाहत्तरीसाठीं सगळे जमले, ते आजोबाच ताटाकडे पाहत हूं-हूं करीत बसतात, आणि घरीं आल्यावर सुना म्हणतात, “मामंजींना जेवण आवडलें नाहीं वाटतें.”

म्हणून बेत ठरण्यापूर्वीं घरांतील कोणीं तरी एकदां गर्दीच्या वेळीं तेथें डोकावून यावें. खुर्चीला पाठ व हात आहेत का, पायऱ्या किती, अंधुक उजेडांत यादी वाचतां येते का, एवढें पाहावें. टेबल कोपऱ्यांतलें मागावें आणि आजोबांना भिंतीकडे पाठ करून बसवावें, म्हणजे बोलणाऱ्यांचीं तोंडें त्यांना समोर दिसतात. संगीत हळू करावयास सांगण्यांत तर मुळींच संकोच नको. वाढणारा मुलगा बहुधा आनंदानें करतो, कारण ओरडून मागितलेले पदार्थ लिहून घेतां घेतां तोहि कंटाळलेला असतो.