अहवाल एकाचा, ताट सर्वांचे

पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थाच्या हाती रक्ततपासणीचा कागद पडतो आणि त्यातील कोलेस्टेरॉलच्या आकड्याभोवती डॉक्टरांनी वर्तुळ काढलेले असते. त्यानंतर घरात जे घडते ते महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांना आता नित्याचे झाले आहे. साजूक तुपाची बरणी फडताळाच्या वरच्या फळीवर जाते. अंडी, साय, खोबरे आणि मटण यांच्यावर बहिष्कार पुकारला जातो. सकाळी दुधीभोपळ्याचा रस सुरू होतो. शेजारी, व्याही आणि कचेरीतील सहकारी असे सारेच आहारतज्ज्ञ बनतात. चार महिने हे व्रत निष्ठेने पाळले जाते; मग लग्नसराई येते, आंब्याचे दिवस येतात आणि बरणी हळूहळू खाली उतरते. पुढच्या तपासणीत आकडा जिथल्या तिथे निघाला, की सारा दोष त्या गृहस्थाच्या जिभेचा, असा निर्वाळा सर्वानुमते दिला जातो.

हा निर्वाळा तपासून पाहण्याजोगा आहे. त्याआधी एक गोष्ट मान्य केली पाहिजे की, गृहस्थाची भीती खोटी नाही. सशांना कोलेस्टेरॉलयुक्त अन्न दिल्यास त्यांच्या धमन्यांत मेदाचे थर साचतात हे रशियात अनिच्कोव्ह यांनी १९१३ साली दाखविले. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ पासून सुरू झालेल्या पाहणीने माणसांच्या बाबतीतही रक्तातील कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचा संबंध पुढे आणला. हे द्रव्य रक्तातून शोषले कसे जाते, याचा उलगडा करणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कोलेस्टेरॉल हे औषध कंपन्यांनी रचलेले थोतांड आहे, असे सांगणारी मंडळी पुरोगामी वर्तुळातही अधूनमधून भेटतात. त्यांनी हा इतिहास नजरेखालून घालावा. ज्याला डॉक्टरांनी गोळी दिली आहे त्याने ती घ्यावी.

मात्र घरोघरी ज्याच्यावर बहिष्कार पडतो तोच पदार्थ मुख्य गुन्हेगार असतो असे नाही. शरीरातील बरेचसे कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच तयार करते. अन्नातील कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त मेद आणि ट्रान्स मेद यांचा रक्तातील आकड्यावर अधिक परिणाम होतो. म्हणूनच दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शिकेने २०१५ च्या आवृत्तीत मागे घेतली. आपल्याकडे तर साखर, मैदा आणि पांढरा तांदूळ यांच्या अतिरेकाने वाढणारे ट्रायग्लिसराइड हाही तितकाच काळजीचा विषय आहे. गृहस्थ अंडे टाळतो आणि मारी बिस्किटांचा पुडा संपवतो, यात त्याला कोणी लबाड म्हणू नये. त्याला एवढेच सांगितले गेलेले असते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार प्रौढांपैकी सुमारे २४ टक्के लोकांचे कोलेस्टेरॉल प्रमाणाबाहेर आहे. चार माणसांमागे जवळजवळ एकाला ग्रासणारी गोष्ट ही एकेकट्या माणसांच्या हावरेपणाची बेरीज असू शकत नाही. एखाद्या गावात चौथ्या माणसाला पटकी झाली, तर आपण त्याच्या स्वभावाची चौकशी करीत नाही, विहिरीची करतो. पटकीचा जंतू आणि ताटातला मेद एक नव्हेत, हे खरे. पण चौकशीची दिशा तीच असावयास हवी.

फिनलंडच्या पूर्व सीमेवरील उत्तर कारेलिया या प्रांताने ही दिशा धरली. जंगलतोड आणि दुग्धव्यवसाय यांवर जगणारा हा गरीब प्रदेश. तेथील कष्टकरी पुरुष चाळिशीतच हृदयविकाराने दगावत, आणि १९६०च्या दशकात त्या मृत्यूंचे प्रमाण जगात सर्वाधिक होते. घाबरलेल्या प्रांताने १९७१ साली काय केले? राज्यपाल, प्रांताचे खासदार आणि विविध लोकसंघटना यांनी राष्ट्रीय सरकारकडे सामुदायिक अर्ज केला की, आमची माणसे मरत आहेत, काही तरी करा. त्यातून १९७२ साली प्रकल्प उभा राहिला आणि पेक्का पुस्का या अवघ्या सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरकडे त्याची सूत्रे दिली गेली.

त्या प्रांतात पुरुषांचे सरासरी कोलेस्टेरॉल आपल्या परिमाणात २६५ च्या आसपास होते. म्हणजे आपल्याकडे ज्या आकड्याभोवती वर्तुळ पडेल तो तिथे सामान्य मानला जात होता. पावावर लोण्याचा जाड थर आणि सोबत साय न काढलेले दूध, हेच तेथील श्रमिकाचे अन्न. नुसते ‘लोणी सोडा’ असे सांगून ते सुटणार नव्हते, कारण लोणी हीच त्या प्रांताची मिळकत होती. दुग्धव्यवसायाने प्रकल्पाला कडवा विरोध केला, यात नवल नाही. प्रकल्पाचे मोठेपण असे की, त्याने हा विरोध अडाणीपणाचा म्हणून झटकला नाही. दूधउत्पादकांना बेरीसारख्या फळांच्या लागवडीकडे वळता यावे म्हणून शासनाच्या साहाय्याने योजना आखली. थंड हवामानात तग धरणारी तेलमोहरी देशातच पिकू लागली आणि तिचे तेल स्वयंपाकघरात आले. सॉसेज करणाऱ्यांना चरबीचा काही भाग वगळून अळिंबी घालायला राजी केले गेले. मार्था या गृहिणींच्या जुन्या संघटनेने गावोगाव मेळावे भरविले. तेथे पारंपरिक रस्साच, पण कमी चरबीचा आणि अधिक भाज्यांचा, शिजवून सर्वांना खाऊ घातला जाई. पुढे गावागावांत कोलेस्टेरॉल उतरविण्याच्या स्पर्धाही लागल्या.

पस्तीस वर्षांनी, २००६ च्या सुमारास, ३५ ते ६४ या वयातील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू त्या प्रांतात सुमारे ८५ टक्क्यांनी घटलेले होते. त्यात तंबाखू व रक्तदाब यांवरील मोहिमेचा आणि सुधारलेल्या उपचारांचाही वाटा आहे, परंतु बदललेल्या अन्नाचा वाटा फार मोठा. माणसांनी आपल्या हाताने लोणी दूर सारले हे खरेच. पण त्या हाताला दुसरे काही सापडेल, परवडेल आणि गोडही लागेल, याची तजवीज आधी झाली होती.

योगायोग असा की, त्याच १९७२ साली मुंबईच्या रस्त्यांवर स्वयंपाकघर उतरले होते. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या नेतृत्वाखाली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या स्त्रियांनी लाटणी घेऊन मोर्चे काढले. दुष्काळाच्या त्या काळात मागणी होती ती गोडेतेल, साखर आणि रॉकेल वाजवी भावात मिळण्याची. घरातल्या डब्यात काय आहे हा सार्वजनिक धोरणाचा प्रश्न आहे, हे त्या लाटण्यांनी मंत्र्यांना ऐकविले. त्या परंपरेचे वारस म्हणविणाऱ्यांनी आज पुढचा प्रश्न विचारायला हवा: डब्यात जे तेल आहे, ते तिथे आले कसे?

त्याचे उत्तर पाकशास्त्रात सापडत नाही, आयातशुल्काच्या तक्त्यात सापडते. १९८६ साली तेलबिया अभियान सुरू झाले आणि नव्वदीच्या दशकाच्या आरंभी देश आपल्या गरजेच्या ९५ टक्क्यांहून अधिक खाद्यतेल स्वतः पिकवू लागला. १९९४ साली पामोलीनची आयात खुली झाली, आणि १९९८ पर्यंत शुल्क १५ टक्क्यांवर आले. त्यानंतरची कथा सर्वांना ठाऊक आहे. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातील उत्पादन गरजेच्या ४० ते ४५ टक्केच भागवते. बाकीचे परदेशातून येते आणि त्यात मोठा वाटा इंडोनेशिया व मलेशिया येथील पामतेलाचा असतो. या तेलातील मेदापैकी सुमारे निम्मा मेद संपृक्त. शेंगदाण्याच्या तेलात हे प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या आसपास आणि करडईत दहाव्या हिश्श्याच्या. पामतेलाची गरिबाला सवय लावली ती त्याच्या जिभेने नव्हे. ते स्वस्त होते, तळणाला टिकत होते आणि बिस्किटे, फरसाण व खानावळी यांच्या मालकांना सोयीचे होते. डालड्यासारख्या वनस्पती तुपातील ट्रान्स मेदाला २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली गेली, ही स्वागतार्ह गोष्ट; पण एका दारातून हाकललेल्याची जागा दुसऱ्या दारातून आलेल्या पामतेलाने घेतली.

२०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने ‘आनंदाचा शिधा’ दिला. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल. सणाला गरिबाच्या घरी करंजी तळली जावी यात वावगे काही नाही, आणि त्या पिशवीची थट्टा करण्याचा अधिकार तुपाची बरणी वरच्या फळीवर ठेवणाऱ्यांना मुळीच नाही. एवढेच नोंदवावे की, ज्या राज्यात करडई, जवस आणि भुईमूग पिकत आला, त्या राज्याच्या पिशवीत परदेशी पाम होता.

२०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून जनतेला आवाहन केले की, लठ्ठपणा टाळण्यासाठी दरमहा दहा टक्के तेल कमी खा. सल्ला वाईट नाही. दरडोई वापर वर्षाला १९.७ किलोवर पोहोचला आहे असे नीती आयोगाचाच अहवाल सांगतो. पण सरासरी हा मोठा फसवा आकडा असतो. दरमहा पंधरा किलोचा डबा संपविणारे घर आणि पळीने तेल मोजणारे घर, दोन्ही त्याच्या पोटात दडतात. दहा टक्के कोणी कमी करायचे? आणि त्याच वर्षी मे महिनाअखेर कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरील मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले गेले. आधीच्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये असताना मराठवाड्यातील शेतकरी त्याहून बऱ्याच कमी भावाने माल विकत होता. खाणाऱ्याला संयमाचा उपदेश, आयातदाराला सवलत आणि पिकविणाऱ्याला पडेल भाव: एकाच सरकारची ही तीन तोंडे एका वर्षाच्या आतबाहेरची आहेत.

शिवाय आहार बदलायचा म्हणजे कोणी काय करायचे? पथ्य पुरुषाचे असते आणि ते सांभाळणारी बाई असते. घरात एकाऐवजी दोन भाज्या होऊ लागतात, एक त्याची आणि एक मुलांची. उरलेले, शिळे, तेलकट ती स्वतः संपवते. तिच्या रक्ताची तपासणी बहुधा कोणी केलेलीच नसते. ती नोकरी करणारी असेल तर पालेभाजी निवडायचा वेळ झोपेतून काढते. बांधकामावरच्या मजुराला किंवा रिक्षाचालकाला तर हाही पर्याय नाही. दुपारी त्याच्या खिशाला आणि वेळेला जे बसते ते वडापाव. तळलेले तेल किती वेळा वापरावे याला २०१८ पासून कायदेशीर मर्यादा आहे, पण ती मोजायला गाड्यांपाशी कोण जातो? (पक्षाच्या बैठकांतही भजी आणि साखरेचा चहा यांच्या साक्षीने क्रांतीची किती चर्चा झाली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, साठीला पोहोचलेल्या कार्यकर्त्यांच्या धमन्यांनी मात्र तो ठेवला असणार.)

दरम्यान भीतीचा बाजार जोरात आहे. ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे लेबल लावून तेल विकले जाते, जणू बाकीच्यांत ते असते. कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात नाव घेण्याजोगे कोलेस्टेरॉल नसते. मिठावर ‘साखरमुक्त’ असे छापण्यासारखाच हा उद्योग. ज्वारी-बाजरीची कथा याहून करुण आहे. रेशनवर वर्षानुवर्षे गहू आणि तांदूळ दिला गेला, ज्वारीचे क्षेत्र आक्रसत गेले, आणि भाकरी हे गरिबीचे लक्षण म्हणून ताटातून गेली. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे झाले, आणि तीच ज्वारी आता चकचकीत पाकिटातून, कुरकुरीत होऊन, ज्याच्या कागदावर वर्तुळ पडले आहे त्याच्या घरी परत येते आहे.

कारेलियाची नक्कल येथे करता येणार नाही. तो प्रांत लहान, समाज बराचसा एकजिनसी आणि शासन कामसू. आपल्याकडे तर कित्येक घरांत अजून मेद अतिरिक्त नसून अपुरा आहे. तरीही जिथे अन्न शासनाच्या हातून जाते, तिथे सुरुवात करायला काय हरकत आहे? शालेय पोषण आहारात प्राथमिक शाळेच्या मुलामागे दिवसाला पाच ग्रॅम तेल धरलेले असते. ते जिल्ह्यातल्या घाण्याचे, करडईचे किंवा शेंगदाण्याचे का नसावे? आश्रमशाळा, वसतिगृहे, एसटीची उपाहारगृहे, रुग्णालये यांच्या तेलाच्या निविदा निघतात, त्या कोणी वाचतो का? तालुका पातळीवरच्या कार्यकर्त्याला हे काम मोर्च्याइतके आकर्षक वाटणार नाही. आयातशुल्क, हमीभाव आणि रेशनची पिशवी हे तीन विषय एकाच निवेदनात मांडणे मात्र त्याला जमण्यासारखे आहे.

करडईपुरते बोलायचे तर शास्त्राने आपले काम केले आहे. काटेरी पिकाच्या काढणीला मजूर मिळत नाहीत ही शेतकऱ्याची रास्त तक्रार होती. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण काढून तिला उत्तर दिले. हमीभावही दर रब्बीला दिल्लीहून जाहीर होतो. बहुतेक गावांना दिसत नाही ते खरेदीकेंद्र.