कारखाना आणि कचरा यांच्या मधला माणूस

कर्करोगावरील औषधांची चर्चा आपल्याकडे होते ती बहुधा किमतीची. ही औषधे दुकानातील फळीवरून काढून रुग्णाच्या हाती देणाऱ्याचे काय, हा प्रश्न त्या गदारोळात हरवतो.

सायक्लोफॉस्फमाइडचे उदाहरण पुरेसे आहे. ते रोगट पेशी मारते, पण निरोगी पेशींनाही सोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते मानवात कर्करोगकारक ठरविले आहे. अशी औषधे हाताळणाऱ्यांना वंध्यत्व व गर्भपात यांचाही धोका संभवतो, असा इशारा अमेरिकेच्या 'नायॉश' या सरकारी संस्थेने २००४ मध्येच दिला होता.

आपला कायदा याबाबत अगदीच झोपलेला आहे असे नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण आले आणि औषधनिर्मिती उद्योग त्या यादीत बसला. दुसऱ्या टोकाला, २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पेशीविषारी औषधांचा कचरा वेगळा काढून बाराशे अंश सेल्सियसच्या वर जाळावा किंवा उत्पादकाकडे परत पाठवावा लागतो. म्हणजे औषध तयार होताना कायदा जागा असतो आणि त्याचा कचरा झाला की पुन्हा जागा होतो. मधला सारा प्रवास मात्र वाऱ्यावर!

या मधल्या प्रवासाचे नियमन १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि १९४५ ची नियमावली करते. शेड्यूल 'जी'मधील औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीविना सेवन धोक्याचे असल्याची सूचना छापावी लागते. सायक्लोफॉस्फमाइड त्या यादीत आहे. ही सूचना औषध घेणाऱ्यासाठी आहे, देणाऱ्यासाठी नव्हे. नियम ६५ चिठ्ठी, नोंदवही, कुलूपबंद साठा यांबद्दल काटेकोर आहे. पण सुट्या गोळ्या मोजताना हातमोजे घालावेत, त्यासाठी तबक वेगळे ठेवावे, कुपी फुटली तर काय करावे, याविषयी दुकानदारावर नेमके बंधन नाही. परळला टाटा रुग्णालयाच्या परिसरात असो वा दिल्लीत 'एम्स'च्या, कात्रीने पट्टी कापून देणारा मदतनीस स्वतःच्या सावधगिरीवरच विसंबून असतो.

'आरोग्य हा राज्यांचा विषय' ही ढाल येथे चालणार नाही. औषधे व विषे आणि कामगारकल्याण हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत आहेत. संसदेत नवे विधेयक आणण्याचीही गरज नाही. औषध तंत्र सल्लागार मंडळाशी विचारविनिमय करून केंद्राला नियमावलीत दुरुस्ती करता येते. दुसरा मार्ग व्यावसायिक सुरक्षा संहितेचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या या संहितेला सर्वसाधारणपणे दहा कामगारांची अट आहे. दोन-तीन माणसांचे औषध दुकान त्यातून सुटते. मात्र एखादे काम केंद्राने धोकादायक म्हणून अधिसूचित केले, तर ही अट आड येत नाही.

छोट्या दुकानदारावर बोजा पडेल, असा आक्षेप येईल. तो अगदीच गैरलागू नाही. म्हणूनच आरंभ हाताळणीस धोकादायक औषधांच्या यादीने, वेष्टनावरील ठळक खुणेने, हातमोज्यांनी आणि वेगळ्या तबकाने व्हावा. द्रवऔषधे मिसळण्यासाठी लागणाऱ्या संरक्षक कपाटांची सक्ती मोठ्या रुग्णालयांपुरती ठेवता येईल. नियमांतील दुरुस्ती दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावीच लागते. त्या कागदांकडे सदस्यांनी एकदा लक्ष दिले, तरी काउंटरमागच्या माणसाचे काम सोपे होईल.