रिकामी नसलेली जागा

टॉम थॉमसनचं ‘द जॅक पाइन’ गूगलवर शोधा आणि मग पुढे वाचा. तळ्याकाठी खडकावर एक वेडंवाकडं झाड, मागे निळेजांभळे डोंगर, पिवळट-हिरव्या आकाशात आडवे रुंद फटकारे. झूम केलंत तर फांद्यांच्या कडेने खालचा लाल थर डोकावताना दिसेल. १९१६-१७च्या हिवाळ्यात रंगवलेलं हे चित्र १९६७मध्ये कॅनडाच्या दहा सेंटच्या तिकिटावर आलं. आता ते लोकांच्या फोनच्या वॉलपेपरवर असतं.

माझं भांडण चित्राशी नाही. ते शेअर करताना खाली चिकटवल्या जाणाऱ्या ‘अनटच्ड नेचर’शी आहे.

कसलं अनटच्ड? हे तळं अल्गॉन्क्विन पार्कातलं. थॉमसन जन्मायच्या आधीपासून त्या भागातले उंच पांढरे पाइन कुऱ्हाडीखाली जात होते. ओंडके वाहून नेता यावेत म्हणून बांध घातले, पाणी चढलं, काठची झाडं उभ्याउभ्या बुडाली. पार्कातून आगगाडी जायची. थॉमसननेही १९१६मध्ये तिथे वणव्यांवर नजर ठेवायची नोकरी केली. या चित्राचं छोटं स्केच त्याच वर्षीचं. आणि जॅक पाइन हे झाडच मुळी वणव्याचं. त्याचे बरेचसे शंकू आगीची धग लागल्यावरच उघडतात, तेव्हा कुठे बी बाहेर पडतं.

बरं, थॉमसनने हे लपवलंय का? अजिबात नाही. त्याच सुमारास त्याने ‘द ड्राइव्ह’ रंगवलं: ओंडक्यांनी गच्च भरलेलं पाणी आणि ते पुढे ढकलणारे कामगार. रंग तितकेच भडक, हात तोच. ते चित्र मी तरी कोणाच्या वॉलपेपरवर पाहिलेलं नाही. घाम गाळणारी माणसं दिसली की आपला निसर्ग बिघडतो बहुतेक.

आणि ज्यांच्या नावावरून पार्कचं नाव पडलं ते अल्गॉन्क्विन लोक? आपण ही जमीन कुठल्याही कराराने कधी दिलीच नाही, हे त्यांचं म्हणणं. त्यांच्या दाव्यावर सरकारशी तत्त्वतः सहमती व्हायला २०१६ उजाडलं. त्यांच्या घराला ‘रिकामं’ म्हणताना आपली जीभ अडखळत कशी नाही?

कोणी म्हणेल, एवढा इतिहास कशाला, रंग बघ ना. तेच बघतेय. त्या फांद्यांतून लाल रंग धुमसतोय, आणि तुम्हाला तिथे शांतता दिसते!

वॉलपेपर खुशाल ठेवा. त्या पार्कात लाकूडतोड आजही चालते.