खाऱ्या पाण्यातील अॅल्युमिनियमची कांडी

पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा या बाजूला जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथे विहिरीला पाणी लागल्याचा आनंद ते चाखेपर्यंतच टिकतो. जसजसे खोल जावे, तसतसा खारेपणा वाढतो. शेतीवरील त्याचे दुष्परिणाम वऱ्हाडात सर्वज्ञात आहेत. घरातील लोखंडाची हे पाणी काय दशा करते, याकडे मात्र गिझरची टाकी गळू लागल्यावरच लक्ष जाते.

अनेक गिझरच्या टाकीत एक धातूची कांडी बसवलेली असते. तिला अॅनोड म्हणतात. टाकीच्या पोलादाऐवजी स्वतः झिजणे, एवढेच तिचे काम. ही युक्ती जुनी आहे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून वाचवून दाखवला होता. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमची कांडी चांगली चालते. खाऱ्या पाण्यात ती फार लवकर संपते. तेथे अॅल्युमिनियम अधिक टिकते.

परंतु शुद्ध अॅल्युमिनियम या कामाला निरुपयोगी आहे. हवा वा पाणी लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो आणि धातू स्वतःच सुरक्षित होऊन बसतो. स्वयंपाकाच्या पातेल्यात जो गुण, तोच येथे दोष ठरतो. म्हणून त्यात काही टक्के जस्त आणि अगदी चिमूटभर, सुमारे ०.०२ टक्के, इंडियम मिसळतात. म्हणजे किलोमागे अवघे २०० मिलिग्रॅम! तेवढ्यानेही पापुद्रा अखंड राहत नाही आणि कांडी झिजत राहते. पूर्वी हेच काम पाऱ्याकडून उत्तम रीतीने करून घेत. तो विषारी असल्याने मागे पडला.

लोखंड व तांबे यांचा अंश मात्र घातक. त्यांचे कण कांडीच्या अंगावरच लहान लहान विद्युतघट निर्माण करतात; कांडी विरघळते, टाकीला संरक्षण मिळत नाही. बँकेच्या भाषेत, मुद्दल खर्ची पडते आणि खात्यात काहीच जमा होत नाही. मोडीतील भांडी वितळवून ओतलेली स्वस्त कांडी म्हणूनच महागात पडते.

चांगल्या मिश्रधातूचा एक किलो सुमारे २,५०० अँपिअर-तास वीज देतो. जस्ताचा ८०० देखील नाही. १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल सापडले. तसल्या समुद्री तेलक्षेत्रांतील फलाटांचे पोलादी पाय राखण्यासाठी अॅल्युमिनियमच्याच अॅनोडांना पसंती मिळते, ती यामुळे.

कूपनलिकेचे पाणी वापरणाऱ्या कुटुंबाने ही कांडी वर्षातून एकदा तरी, वीज बंद करून, कारागिराकडून काढून पाहावी. आतील तार उघडी पडली असल्यास ती बदलावी. स्टीलच्या काही टाक्यांत कांडी नसतेच, हे खरेदीच्या वेळी विचारून घ्यावे. वॉरंटीच्या कागदावर पाण्यातील क्षारांची मर्यादा बहुधा बारीक अक्षरांत छापलेली असते. ती वाचण्यापूर्वी पावतीचे पैसे देऊ नयेत.