वर्कलाच्या कड्याचा धडा

केरळातील वर्कला येथील सागरी कड्याचा समावेश सप्टेंबर २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशासाठीच्या संभाव्य स्थळांच्या यादीत झाला. महाबळेश्वर-पाचगणीचे दख्खनी कातळही त्याच वेळी या यादीत आले. ही वार्ता आनंदाची खरी; परंतु यादीत नाव लागले म्हणजे कडा वाचला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

या कड्याचे रंग केवळ नेत्रसुखासाठी नाहीत. माथ्यावर लोहाच्या गंजाने तांबडा झालेला जांभा, त्याखाली पांढरट-पिवळसर वालुकाश्म आणि चिकणमाती, मध्येच लिग्नाइटच्या काळ्या पट्ट्या, असे हे निरनिराळे थर आहेत. विल्यम किंग यांनी १८८२ साली त्यांचे वर्णन केले आणि वर्कलाचेच नाव या थरांना मिळाले.

कड्याचे दुखणेही या थरांतच आहे. पावसाचे पाणी सच्छिद्र जांभ्यातून आणि वालुकाश्मातून सहज उतरते. चिकणमातीपाशी ते अडते आणि आडवे वाहून कड्याच्या अंगावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. त्यामुळे आतला थर भिजून ढिला होतो. खाली लाटा पायथा पोखरतात आणि आधार सुटलेला माथा ढासळतो. त्या माथ्यावर उपाहारगृहे आणि निवासगृहे दाटीने उभारून सांडपाणी जमिनीत सोडणे म्हणजे या संकटाला हातभार लावणेच होय.

जून २०२४ मध्ये प्रशासनाने दरडीच्या भीतीने पापनाशम किनाऱ्यावरील कड्याचा काही भाग यंत्राने तोडला. तेथे पितृतर्पणासाठी भाविकांची रीघ लागते. त्यांच्या जीविताची काळजी अनाठायी होती, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कड्याची कड तोडल्याने माथ्यावरून मुरणारे पाणी थांबत नाही. पाण्याला बंदिस्त वाट देणे आणि कडेलगतची बांधकामे मागे हटविणे, हाच खरा उपाय होय.

गोमंतकीयांनी ही परगावची गोष्ट म्हणून सोडून देऊ नये. वागातोर आणि काब द राम येथील कड्यांच्या माथ्यावरही जांभाच आहे. त्याखालचा खडक वर्कलाहून निराळा असला, तरी सड्यावर मुरलेले पाणी पायथ्याशी झऱ्यांनी प्रकटते, हे येथील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. समुद्राचे दृश्य विकण्यासाठी कड्याच्या कडेवर बांधकामाचे परवाने देण्यापूर्वी आपल्या राज्यकर्त्यांनी वर्कला एकवार पाहून यावे. ढासळलेला कडा कोणत्याही यादीने परत उभा राहत नाही.