युद्धनौकेवरून शेताच्या बांधावर

दोस्तांनो, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसून तुम्ही कधी रेवसला गेला आहात का? तिथून पुढं गेलं की अलिबाग. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं गाव! सुट्टीत माणसं तिथं समुद्र बघायला जातात. पण आज ज्यांची ओळख करून घ्यायची आहे, ते उभा जन्म समुद्रावर काढून, निवृत्त झाल्यावर अलिबाग तालुक्यातल्या एका खेड्यात राहायला आले. आणि आले ते चक्क शेती करायला!

त्यांचं नाव ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास.

त्यांचा जन्म १९३३ साली मुंबईत, माटुंग्याला झाला. सैन्यात जायचं म्हणून १९४९ साली ते डेहराडूनच्या प्रशिक्षण केंद्रात दाखल झाले. आपल्या पुण्याजवळची खडकवासल्याची प्रबोधिनी तेव्हा तयारच झाली नव्हती बरं का! १९५३ साली ते नौदलात अधिकारी झाले.

मग आलं १९७१ सालचं युद्ध. रामदास तेव्हा कमांडर होते आणि 'बियास' ही युद्धनौका त्यांच्या ताब्यात होती. बंगालच्या उपसागरात 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवरून विमानं उडत, चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले करत. 'बियास' आणि तिच्या जोडीच्या नौकांनी समुद्राचा रस्ता अडवून धरला होता. यालाच नाकेबंदी म्हणतात. बाहेरून दारूगोळा येणार नाही आणि आतलं सैन्य समुद्रमार्गे निसटणार नाही! अखेर १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली. रामदासांना वीरचक्र मिळालं.

१९९० च्या अखेरीस ते नौदलप्रमुख झाले. त्यांच्याच काळात, १९९२ साली, वैद्यकीय विभागाखेरीज इतर शाखांतही मुलींना नौदलात अधिकारी होता येऊ लागलं. त्याआधी ती दारं बंदच होती. स्वतः रामदासांना तीन मुली. मुलींना काय जमतं, हे त्यांना वेगळं सांगायला नकोच होतं!

१९९३ साली ते निवृत्त झाले. आता कुणीही म्हणेल, एवढी लढाई गाजवलेला माणूस, आता आरामखुर्चीत बसून युद्धाच्या गोष्टी सांगेल. पण रामदास निघाले ते शांततेच्या कामाला. भारत आणि पाकिस्तानातल्या साध्या माणसांनी एकमेकांना भेटावं, बोलावं म्हणून स्थापन झालेल्या लोकमंचात त्यांनी पुढाकार घेतला.

आता एक गोष्ट बघा. जमिनीवरच्या सीमेला कुंपण घालता येतं. पाण्यावर काय घालणार? गुजरातेतले आणि कराचीकडचे मच्छीमार मासळीच्या मागं जाताना सीमा ओलांडतात आणि पकडले जातात. होडी जाते, बाप तुरुंगात, घरी चूल थंड. अशा कोळ्यांना दोन्ही देशांनी सोडून द्यावं, ही मागणी या मंचानं सतत लावून धरली.

१९९८ च्या मे महिन्यात आधी भारतानं आणि मग पाकिस्ताननं अणुचाचण्या केल्या. पुष्कळांनी पेढे वाटले. रामदास मात्र स्पष्ट म्हणाले, की अण्वस्त्रं नकोत. देशाच्या सुरक्षेसाठी ती हवीतच, असं मानणारी माणसंही खूप होती आणि आहेत. रामदासांवर टीका झाली. पण या माणसाला भित्रा कसं म्हणणार? तो तर तोफा धडाडताना नौकेवर उभा होता!

२००४ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो एकट्याला नाही. पाकिस्तानातले पत्रकार आणि मानवी हक्कांसाठी झगडणारे आय. ए. रहमान यांच्यासोबत! ज्या देशाशी १९७१ साली लढले, त्याच देशातला माणूस पुरस्कारात जोडीदार. आहे की नाही गंमत?

इकडे अलिबागेत त्यांची आणि पत्नी ललिता यांची रासायनिक खतांशिवायची शेती चालू होती. रायगडातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी एका मोठ्या औद्योगिक प्रकल्पासाठी घ्यायचं ठरलं, तेव्हा नौदलाचे हे माजी प्रमुख शेतकऱ्यांच्या बाजूनं उभे राहिले. १५ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ते गेले.

त्यांचं सगळंच म्हणणं तुम्हाला पटेल असं नाही. घरात वाद घालून बघा, मजा येईल! पण एक सांगा, तुमच्या वर्गात असा कुणी आहे का, ज्याच्याशी भांडण झाल्यापासून तुम्ही बोललेला नाहीत? पहिल्यांदा हाक मारायला भांडणापेक्षा जास्त धीर लागतो. उद्या मधल्या सुट्टीत करून बघा, आणि काय झालं ते आम्हाला पत्रानं कळवा!